रिमवरचं कुंकू

मुळगावात सकाळी साडेसहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतो आणि त्याच सुमाराला गोकुळदास गवस आपल्या मांगराचं, परसातल्या खोपीचं, दार उघडतो. दोन उंडे पाव घ्यायचे, स्वयंपाकघरात फडक्याखाली झाकून ठेवायचे, चहाचं आधण मागाहून. आधी मांगर. आतला बल्ब लावला की मधोमध एक सायकल उभी दिसते, आणि नवा माणूस तिच्याकडे पाहून पहिल्यांदा हेच विचारतो, की हिची सीट कुठे गेली?

सीट तिला कधी नव्हतीच. ही ट्रायल्सची सायकल. हिच्यावर बसून कुठे जायचं नसतं, उभं राहून दगडांवर चढायचं असतं. कमरेएवढ्या चिऱ्यावर मागच्या चाकाने उडी घ्यायची, ब्रेक आवळून तिथेच तोल धरायचा, मग तिथून पुढचा दगड. पाय जमिनीला टेकला की दंड. सगळा खेळ मागच्या ब्रेकवर आणि तो दाबणाऱ्या एका बोटावर.

गोकुळदासने हा खेळ एकदाही खेळलेला नाही. वय अठ्ठावन्न, उजवा गुडघा खाणीला वाहिलेला. पण रोज सकाळी तो ब्रेक दाबून सायकल पुढे रेटतो. मागचं चाक जागच्या जागी रुतावं आणि 'किर्र' असा कोरडा आवाज यावा, मग त्याचं समाधान होतं. नंतर चेन बोटाने उचलून बघायची. मग पेडल उलटं फिरवून कान लावायचा. टायर अंगठ्याने दाबायचा, तो जरा पिचला पाहिजे, कारण टणक टायर दगडावरून उसळतो. शेवटी कोरड्या फडक्याने सगळं पुसायचं. पाऊण तास जातो. बाकीचे तेवीस तास आणि पंधरा मिनिटं कशी घालवायची, हा त्याचा रोजचा प्रश्न.

"गोकुळदासा, आज तरी उगवली काय रे सीट?" कुंपणापलीकडून शेवंती विचारते. ती त्याची शेजारीण, सत्तरीची, परसातली भाजी डिचोलीच्या बाजारात नेऊन विकणारी.

"पाणी घालतंय रोज. बघूया."

"खत घाल, खत! नायतर उपटून टाक आणि थंय वांगी लाव."

एवढं बोलून शेवंती बाजाराला जाते. बहुतेक दिवशी त्याच्याशी माणसाने समोरासमोर बोललेलं तेवढंच. मालती, त्याची बायको, दोन वर्षं फोंड्याला मुलीकडे आहे. सुविधाला जुळी झाली, जावई पाळीवर जातो, मग आजीने राहायचं नाही तर कोणी? भांडण नाही, तंटा नाही. संध्याकाळी फोन येतो. मागे दोन पोरं एका सुरात रडत असतात, मालती "जेवलात?" विचारते, तो "होय" म्हणतो, आणि फोन मध्येच कोणीतरी ओढून घेतं. मुलगा सिद्धेश पुण्याला कारखान्यात इंजिनियर. त्याचा फोन रविवारी.

गवसांचं मूळ घर दोडामार्गच्या अलीकडे. गोकुळदासचा बाप खाणीच्या कामाला इकडे आला आणि राहिला. गोकुळदास स्वतः एकोणिसाव्या वर्षी खाणीच्या वर्कशॉपात लागला, मदतनीस म्हणून, आणि फिटर झाला. डंपर, शॉवेल, चाळणीचे पट्टे, कशालाही हात लावला तरी दुखणं सांगायचा. त्याचा एकच मंत्र होता, की तेल म्हणजे यंत्राचं जेवण. उपाशी यंत्र आधी रडतं, मग मोडतं. त्याच्या खिशात तेलाची छोटी कुपी कायम असायची, जसा जुन्या नटांच्या कनवटीला रंगाचा तुकडा असे. वर्कशॉपात त्याला 'तेली' म्हणत आणि त्याला त्याचा राग नव्हता.

खाण दुसऱ्यांदा बंद पडली त्या वर्षी सिद्धेश डिप्लोमाला होता. पेडण्याकडे, हरमलच्या किनाऱ्यावर, एक परदेशी माणूस सामान विकून मायदेशी निघाला होता. त्याच्याकडून सिद्धेशने ही सायकल आणली. काम गेलेला बाप अंगणात बसला होता. पोराने सायकल समोर उभी केली आणि म्हणाला, "बाबा, ह्येचो मागलो ब्रेक बघा मगो. पकडीना."

'बघा मगो', बघा ना जरा, हे दोन शब्द त्या काळात गोकुळदासला कोणीच म्हणत नव्हतं.

पुढची तीन वर्षं बापलेकांनी ती सायकल जवळजवळ नव्याने घडवली. कुठला भाग घ्यायचा यावर दोघे तावातावाने भांडत, जेवणं निवत. हिचं फ्रीव्हील मागच्या चाकात नसतं, पुढे पेडलापाशी असतं. सिद्धेश स्वस्तातलं बघत होता, पण बापाने एका फेऱ्यात एकशे आठ ठिकाणी पकडणारंच घ्यायला लावलं. "जपमाळेचे मणी तितके आसत, ते काय उगाच नाय. पाय दाबलो की पुढच्या मण्याक दात मिळाक होयो. मधी फट गावली तर तू खाली." चेन जाड घेतली, कारण उडीच्या वेळी सगळा भार तिच्यावर. ब्रेकच्या नळीतलं तेल काढून त्यात पाणी भरतात, म्हणजे बोटाला दाब हलका लागतो, हे सिद्धेशने वाचून सांगितलं तेव्हा गोकुळदास हसला होता. पण भरून बघितलं आणि मान्य केलं.

त्याला खरा धक्का बसला तो रिमच्या वेळी. नवी कोरी रिम आणि पोरगा म्हणतो तिच्या कडेवर ग्राइंडर फिरवा!

"नव्या रिमेक ग्राइंडर? खुळावलंस काय?"

"चरे पाडूचे, बाबा. बारीक, तिरपे. त्या चऱ्यात ब्रेकाचा पॅड चावता. आणि आयका, रिमेक कधी तेलाचो हात लावू नकात. एक थेंब सुदीक नाय."

"बरा, बरा," गोकुळदास म्हणाला.

ऐकलं होतं त्याने. समजलंही होतं. पण तीस वर्षांचा हात ऐकतोच असं नाही.

खंडेनवमी आली. खाण चालू होती तेव्हा या दिवशी वर्कशॉपात पूजा असायची, आणि शॉवेलच्या बकेटच्या दातांना टिळे लावायचा मान गोकुळदासचा. लोखंडावर कोरडं कुंकू धरत नाही म्हणून आधी बोटभर खोबरेल, त्यावर कुंकू, ही तिथली रीत. त्या वर्षी वर्कशॉपला कुलूप होतं. घरी पूजेला पाना, हातोडा, ग्राइंडर आणि सायकल. त्याने सायकलीला झेंडूची माळ घातली, हँडलला टिळा लावला, आणि डंपरच्या चाकाला लावायचा तसे मागच्या चाकाला पाच टिळे लावले. टायरवर बोट नीट बसेना, म्हणून रिमवर. आधी खोबरेल, मग कुंकू. हात जोडले. 'पोराक सांभाळ' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दसरा. खाणीच्या वाटेवरच्या माळावर पुण्याच्या क्लबातली चार मुलं येणार होती, सिद्धेशला बघायला. आवडला तर आपल्या संघात घेणार होती. सकाळी गोकुळदासला वाटलं, टिळे बघून पोरगा ओरडेल. त्याने ओल्या फडक्याने ते पुसून टाकले. कुंकू गेलं. तेल चऱ्यांत मुरलं होतं.

लहान दगडांवर ब्रेकने कसंबसं निभावलं. पॅड घासत गेलं तसं तेल पसरत गेलं. तिसऱ्या मोठ्या चिऱ्यावर सिद्धेश मागच्या चाकावर उभा राहिला आणि चाक चार बोटं सरकलं. तो पाठीवर पडला. गळ्याजवळचं हाड मोडलं. कोणीतरी फोनवर ते टिपलं आणि गावभर फिरवलं, वर लिहून, 'भियेलो!'

सिद्धेशने ते चित्रण शंभर वेळा पाहिलं. त्याच्या मनात ब्रेकचा विचारही आला नाही. बाबांनी सायकल बघितली म्हणजे बघितली. राहिला तो स्वतः. "माजो हात सुटलो," तो म्हणाला. "ऐन टायमाक बोट ढिला पडला." हाड जुळलं, पण तो सायकलीला परत शिवला नाही. दिवाळीनंतर पुण्याला नोकरीला गेला.

तो गेल्यावर गोकुळदासने मागचं चाक उघडलं. एका पॅडचा चेहरा आरशासारखा गुळगुळीत आणि कडेला एक लाल रेघ. मग उठला, ओढ्यापर्यंत चालत गेला आणि दोन्ही पॅड पाण्यात टाकून आला. कोणाला सांगितलं नाही. मालतीलाही नाही.

नाटकात ज्याच्या वाट्याला एकच वाक्य असतं ना, त्याची छाती सगळ्यांत जास्त धडधडते. नायक तीन तास बोलतो, त्याचं एखादं चुकलं तरी निभावतं. एकाच वाक्याचा नट मात्र विंगेत उभा राहून ते घोकत राहतो, आणि त्याची वेळ निघून जाते. गोकुळदासचं तसं झालं. पहिला महिना पोराचं हाड नुकतंच जुळलेलं म्हणून. मग नोकरी नवी म्हणून. मग गणेशचवथीला घर भरलेलं म्हणून. चार वर्षं. तेवढ्या काळात त्याने रिम दोनदा सोड्याने धुऊन नव्याने चिरली. परदेशातून पॅड मागवले, आधी मऊ, ते मुळगावच्या दमट हवेत गिळगिळीत पडले, मग कडक. पावसाळ्यात चेन गंजते म्हणून दर रविवारी उतरवली. जणू उद्या कोणी तिच्यावर चढणार आहे.

आणि एक गोष्ट त्याने स्वतःशीही उशिरा कबूल केली. सांगितलं तर सिद्धेश सायकल घेऊन जाईल. मग साडेसहाला कुठलं दार उघडायचं?

यंदाच्या चवथीला मालती दोन दिवस आधी आली, सिद्धेश आदल्या दिवशी. सुविधा सासरच्या गणपतीला. घर पुन्हा घरासारखं वाजू लागलं. दुपारी बापलेकांनी माटोळी बांधायला घेतली. गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली फळं बांधायची, कांगलां, नारळ, सुपारीचे शिपटे. सिद्धेश स्टुलावर, गोकुळदास खालून एकेक हातात देत होता.

"कोल्हापुराक तुमची नवी फॅक्टरी होता मां?" गोकुळदासने विचारलं. "आवस सांगी होती, तुका साहेब करून धाडतत."

"धाडी होते. मी नाय म्हटलंय."

"कित्याक?"

सिद्धेशने सुंभाची गाठ आवळली. "दोनशे माणसा, बाबा. नवीन मशिनां. कायतरी अडला की निर्णय माजो. माका नाय जमूचा. ऐन टायमाक माजो हात सुटता. म्हायत आसा मां तुमका."

तो सहज बोलला, उंची सांगावी तसा. गोकुळदासच्या हातात नारळ होता. तो त्याने वर दिलाच नाही.

"बाबा, नारळ."

"हां."

दीड दिवस गणपती घरात होता. आरती झाली, पातोळ्या झाल्या. शेवंती येऊन सिद्धेशला म्हणाली, "तुज्या बापाशीन त्या सायकलीची पूजा मांडली हा रे! बायकोपरस जास्त पुसता तिका," आणि सगळे हसले. गोकुळदासही हसला. त्या दीड दिवसात त्याने ते वाक्य मनात कितीदा म्हटलं, ते त्या गणपतीलाच ठाऊक.

विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी पोदेर येऊन गेला. गोकुळदास मांगरात गेला, पण बल्ब लावून नुसता उभा राहिला. मग दाराशी येऊन हाक मारली.

"सिद्धेश, हकडे ये जरा."

सिद्धेश दात घासत आला. "काय झाला?"

"तुजो हात सुटूक नाय."

"आं?"

"त्या दसऱ्याक. तुजा बोट ढिला पडूक नाय. ब्रेक सुटलो. आदल्या दिवशी मी रिमेक खोबरेल लावलंय. कुंकू धरूचा म्हणान. सकाळी पुसलंय, पण तेल रवला. मागसून पॅड बघलंय. लाल होता."

वाक्य एकच म्हणता म्हणता नऊ झाली. सिद्धेशने तोंडातला फेस बाहेर थुंकला, परत आत आला, आणि त्याने विचारलं, फिटरने फिटरला विचारावं तसं.

"किती टिळे?"

"पाच."

"दोनय बाजूक?"

"चेनीच्या बाजूक."

"म्हणान ती डावीकडे फिरली..." तो स्वतःशीच म्हणाला. त्याची मान हवेत जरा तिरपी झाली, जणू तो पुन्हा त्या चिऱ्यावर उभा होता. मग त्याने बापाकडे बघितलं. "आणि ह्या तुमका कधी कळला?"

"तू पुण्याक गेलंस त्या आठवड्यात."

"चार वर्सां, बाबा?"

"होय."

"गाव माका भित्रो म्हणा होतो. मी स्वतःक म्हणी होतंय. मी कोल्हापूर सोडलंय. आणि तुमी हयसर चेन पुसत बसलात?"

"लाज वाटली," गोकुळदास म्हणाला. इथे थांबता आलं असतं, पण आता थांबायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. "आणि आणखी एक. सांगलंय तर तू ही व्हरशीत, असा वाटला. ही असली की सकाळ जाता माजी."

सिद्धेशने ब्रश खिडकीच्या फळीवर ठेवला. सायकल उचलली आणि तिला घेऊन बाहेर गेला. अंगणाच्या टोकाला चिऱ्यांचा ढीग आहे, कुंपणासाठी आणलेला आणि तसाच पडलेला. गोकुळदास मांगराच्या दारातून पुढे गेला नाही. त्याला 'किर्र' ऐकू आलं. मग काही नाही. मग टायर दगडावर आपटल्याचा आवाज, आणि पुन्हा काही नाही. मालती स्वयंपाकघराच्या जनेलातून ओरडली, "अरे, आंग मोडून घेतलंस मां मागे एकदा! उतर खाली!" बराच वेळ आवाज येत राहिले, आपट, शांतता, आपट. एकदा धपकन पडल्याचाही आला. गोकुळदासने चौकट घट्ट धरली. पण लगेच सायकल उचलल्याचा खडखडाट झाला.

सिद्धेश परत आला तेव्हा कोपर सोललं होतं आणि शर्ट लाल मातीने माखला होता. त्याच्या चेहऱ्यावर माफी नव्हती, पण चार वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं, ज्याला गोकुळदास विसरलाही होता.

"मी व्हरतंय ही," तो म्हणाला. "सांजच्या बसीन."

"व्हर."

दुपारभर दोघांनी मिळून ती खोलली. हँडल, पेडलं, पुढचं चाक. लागेल तो पाना गोकुळदास न मागता पुढे करी आणि सिद्धेश न बघता घेई. कामापुरतं बोलणं झालं. खोका बांधताना सिद्धेशने फोन काढला.

"ग्राइंडरची डिस्क खंयची वापरतास?"

"बारीक धारेची, लोखंड कापूची. जाडी नको. आणि हात हलको, नायतर रिम पातळ जाता."

सिद्धेश ते फोनवर लिहून घेऊ लागला.

"ब्रेकातला पाणी किती दिसांनी बदलतास?"

"दोन म्हयन्यांनी. उकळून थंड केलेला. नळीत हवेचो फुगो रवता नये."

त्याने लिहिलं. फ्रीव्हीलला कोणतं तेल, किती थेंब, पावसात चेन कशात बुडवायची, रिम कशाने धुवायची. एकेक प्रश्न, एकेक ओळ. गोकुळदास सांगत होता आणि मध्येच त्याच्या लक्षात आलं, की पोरगा सगळं लिहून घेतो आहे ते पुन्हा फोन करून विचारावं लागू नये म्हणून.

एकच गोष्ट राहिली होती, आणि ती विचारायचं सिद्धेशला सुचणं शक्य नव्हतं. त्या पडण्यात सायकलीच्या चौकटीवरची डाव्या पॅडची बैठक केसभर वाकली होती. नवं पॅड बसवलं की आठवडाभर चांगलं चाले, मग एका बाजूने झिजून ब्रेक ओरडू लागे. गोकुळदासने थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कातरून त्याची चकती पॅडखाली घातली होती. हे जगात त्याच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. पुण्यात पॅड बदलताना ती चकती खाली पडेल, कचऱ्यात जाईल, आणि आठवड्याने सिद्धेशला फोन करावाच लागेल. रविवार सोडून, मधल्याच कुठल्या दिवशी. 'बाबा, ब्रेक ओरडता. बघा मगो.'

सिद्धेशने फोन खिशात ठेवला. "झाला मां सगळा?"

गोकुळदासने खोक्याची दोरी सोडली.

"रव," तो म्हणाला. "डाव्या पॅडाखाली एक चकती आसा. ती लिवन घे."